जामच्या दवाखान्यातलं लग्नवाल्यांचं भूत

पार्लरवालीकडे गप्पांचा स्टॉक कधी संपत नाही म्हणतात. खरं आहे बाई! पण आजवरचे माझे किस्से म्हणजे कोणाची नणंद रुसली, कोणाची मेंदी रंगली नाही, एवढेच. मग मागच्या उन्हाळ्यात आम्ही हॉरर सिनेमा काढला, आणि आता आमच्या पिपरी मेघेतली एक बाई आयब्रो करून सरळ घरी जाईल तर शपथ! "मंदाताई, ते भुताचं सांगा ना" म्हणत खुर्चीत ठाण मांडून बसतात. मी सांगते. पण मी स्वतः अजून हादरलेलीच आहे, हे आधी सांगून ठेवते.

आम्ही म्हणजे कोण? सगळी लग्नातली माणसं! डायरेक्टर पंकज, लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारा. लाइटला सुधीर मंडपवाला. मेकअपला मी. आणि भूत म्हणजे वंदनाताई, आमच्याच गल्लीत शिवणक्लास घेतात. सिनेमाची गोष्ट सोपी. रूपा नावाची पेशंट दवाखान्यात मरते, कारण डॉक्टर तिला बघायलाच येत नाही. मग ती भूत होऊन एकेकाचा काटा काढते आणि शेवटी डॉक्टरचा गळा धरते.

शूटिंग जाम गावात, हायवेजवळच्या एका बंद दवाखान्यात. मालक म्हणजे तिथलेच रिटायर झालेले डॉक्टरसाहेब. पंकज जागा मागायला गेला, तर गोष्ट ऐकून त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली म्हणे. मग म्हणाले, "जागा घ्या. पण डॉक्टरचा रोल मी करीन." आम्हाला काय, आंधळा मागतो एक डोळा!

* * *

पहिल्याच दिवशी माझी फजिती. हाताची सवय हो! फाउंडेशन, ब्लशर, पापण्या, सगळं व्यवस्थित करून मी वंदनाताईंना सेटवर आणलं. पंकज ओरडला, "काकू, हे भूत हाय का रिसेप्शनची नवरी?"

मी चिडले. सगळं पुसलं, पांढरा थर दिला, डोळ्यांखाली काजळ फासलं. मलाच बघवेना. पंकज खूश झाला. कॅमेरा सुरू झाला. पडद्यामागून भूत हळूहळू बाहेर आलं. सुधीरनं धूर सोडला, आणि सोबत गुलाबी लाइट! त्यात पंकज सवयीनं बोलून गेला, "हां ताई, इकडं पाहा... थोडं हसा!"

आणि वंदनाताई लाजल्या हो! भूत लाजलं!

* * *

दुसऱ्या दिवशी मेकअप करताना मी सहज म्हटलं, "काय वो वंदनाताई, तुमाले सिनेमाची एवढी हौस होती, आमाले मालूमच नव्हतं."

त्या आरशात बघत म्हणाल्या, "हौस कशाची? माही माय याच दवाखान्यात गेली. हेच डॉक्टर होते."

मी ब्रश खाली ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले होते. निघताना आईला म्हणाले, "येतो." आई रात्रभर दाराकडे बघत राहिली. वंदनाताई तेव्हा पोरसवदा. त्या म्हणाल्या, दुसऱ्या डॉक्टरला बोलावू. आई म्हणे, "नको. ते येतो म्हनले ना." पहाटे आई गेली. डॉक्टर आलेच नव्हते.

"मले भांडायचं नाई मंदाताई. एकच इचारायचं हाय. ते 'येतो' म्हंजे खरंच येतो होतं, का आपन कोनाच्याही घरून निंगताना म्हनतो, ते होतं? माह्या मायचा जीव त्या एका शब्दावर अडकला होता. मले कळलं पायजे. एकदा, त्याच्या तोंडावर इचारायचं हाय."

कोणाला सांगू नका, म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना ओळखलं नव्हतं, निदान आम्हाला तरी तसंच वाटत होतं. 

* * *

आता ऐका कर्म! डॉक्टर पेशंटजवळून निघतो, त्या सीनला पंकजनं डायलॉग लिहिला होता, "ठीक आहे, मी जातो."

डॉक्टरसाहेबांनी कागद खाली ठेवला. "अरे बह्याडा, पेशंटसमोर कोणी 'जातो' म्हणते का? अशुभ! 'येतो' लिही. मी जन्मभर येतोच म्हटलं."

"वा सर, काय टच दिला!" पंकजनं टाळी वाजवली.

कोपऱ्यात भूत समोसा खात बसलं होतं. तो समोसा तोंडापर्यंत जाईचना. मी मनात म्हटलं, आता ही बाई उठते आणि इथंच सगळ्यांसमोर काय ते होतं! पण वंदनाताई शांतपणे म्हणाल्या, "लिहू द्या. पंकजभाऊ, मंग शेवटच्या सीनमधी माहा डायलॉग मी माह्या मनानं बोलन."

"बोला ना ताई!" म्हणाला पंकज. त्या बिचाऱ्याला काय माहीत!

* * *

सुधीर लाइट सांभाळून कंपाउंडरचा रोलही करत होता. भुताच्या हातून मरायचं, एवढंच काम. पण गडी मरायला तयारच नाही! आधी खोकला, मग गुडघ्यावर, मग भिंतीला धरून वर, मग पुन्हा खाली, मग आईच्या नावानं हाक. पंकजच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून!

डॉक्टरसाहेब खुर्चीतून ओरडले, "काय तमाशा आहे? मरायला एवढा वेळ लावते? एवढ्यात तर मी वाचवलं असतं याले!"

सगळे खदखदून हसले. आणि माझ्या बाजूला भूत पुटपुटलं, "रातभर वेळ होता, तवा कुठी होते?"

हळूच बोलल्या होत्या. पण डॉक्टरसाहेबांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. 

* * *

जेवणाच्या सुट्टीत वंदनाताई त्याच मेकअपमध्ये चौकातल्या टपरीवर चहा घ्यायला निघाल्या. मी मागून ओरडते, "अवो, लोकं मरतीन भेवानं!" कसलं काय! टपरीवाल्यानं पांढऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पांढऱ्या हातांकडे पाहिलं, कप पुढे केला आणि विचारलं,

"काय जी, गिरणीत लाइन होती का?"

कपाळ माझं! एवढा महागाचा मेकअप आणि दळण दळून आलेली बाई!

* * *

ओपीडीचा सीन होता. बाकावर पेशंट म्हणून आमचे कॅटरिंगवाले बसवले. त्यांच्यात आष्टीकडचे एक आजोबा. मान खाली, हात गुडघ्यावर, मधूनच कण्हणं. पंकज माझ्या कानात म्हणाला, "काकू, याले म्हंतात अॅक्टिंग! पाहा, पाहून शिका!" त्यानं आजोबांचे तीन क्लोजअप घेतले.

पॅकअप झालं. कॅटरिंगवाले उठले. आजोबा बसलेलेच. पंकज शाबासकी द्यायला गेला, तर म्हणाले, "माहा नंबर कवा येईन बापू? पोट बम दुखून राह्यलं."

माय वो! आम्ही सगळे पुतळे झालो. बिचारे पोरीकडे आले होते, दवाखान्यात लाइट दिसले म्हणून येऊन बसले. डॉक्टरसाहेब धावत आले, सिनेमातला स्टेथोस्कोप लावून त्यांना खरोखर तपासलं, आणि स्वतःच्या गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं भरती केलं. सकाळपर्यंत तिथंच बसून होते, असं मागून कळलं.

वंदनाताई दारात उभ्या राहून गाडीकडे बघत होत्या. चेहरा असा, की मेकअपची गरज नव्हती. "याच्यासाठी धावला," एवढंच म्हणाल्या.  मी त्यांना पाणी दिलं.

* * *

शेवटचा सीन राहिला होता. गळा धरण्याचा. त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, सीन झाला की मी पुण्याला मुलाकडे जाणार, कायमचा. म्हणजे वंदनाताईंना विचारायला तेवढीच एक वेळ!  पॅकअपनंतर चप्पल घातली, दारातून म्हणाले, "येतो." गाडी गेली.

पंकज घाबरला. "येतो म्हंजे उद्या येतात ना? का गेलेच? काकू, येतो म्हंजे काय समजाचं?"

वंदनाताई साडीचा पदर झटकत म्हणाल्या, "तेच तर मी इतकी वर्षं इचारून राह्यली, भाऊ."

* * *

सकाळी आम्ही पोचलो, तर डॉक्टरसाहेब आमच्या आधी येऊन पायरीवर बसलेले!

खिडक्यांना काळे कपडे लावले. आवाज नको म्हणून कूलर बंद. जामचं ऊन, आत नुसती भट्टी. वंदनाताई खाटेवर झोपल्या. सीन असा, की डॉक्टर जवळ येतो, भूत ताडकन उठतं, डायलॉग म्हणतं, गळा धरतं, डॉक्टर "वाचवा, वाचवा" ओरडतो आणि सिनेमा संपतो.

डॉक्टरसाहेब जवळ आले. वंदनाताई उठल्या. हात वर केले. आवाज चढवला नाही, डोळेही फिरवले नाहीत. सरळ विचारलं,

"तुमी येतो म्हनलं होतं. ते येतो होतं, का जातो होतं?"

डॉक्टरसाहेबांनी "वाचवा" म्हणायचं होतं. म्हणालेच नाहीत.  मग ते वळले आणि चक्क खोलीबाहेर निघून गेले!

"गेले!" सुधीर कुजबुजला. पंकजनं डोक्याला हात लावला. मला तर रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू! वंदनाताईंचे हात तसेच हवेत.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

डॉक्टरसाहेब आत आले. शर्टाची वरची बटणं लावलेली, गळ्यात स्टेथोस्कोप, केस पाण्यानं नीट बसवलेले. खाटेजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले,

"आलो, शांताबाई. उशीर झाला मले."

सिनेमातल्या पेशंटचं नाव रूपा. शांताबाई हे वंदनाताईंच्या आईचं नाव! ते तर मलाही मागून कळलं, सेटवर कोणी बोललंच नव्हतं.

गळा धरायला वर केलेले हात खाली आले. वंदनाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाय पोटाशी घेतले, खाटेवर थोडी जागा केली आणि म्हणाल्या,

"बसा."