वळचणीखालची माती

व्हर्लीन टब्जबाईंनी छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली. समोरच्याला गप्प करायला त्यांना आवाज चढवावा लागत नाही, बसच्या आरशात बघितल्यासारखं नुसतं बघतात. सरकारी माणूस ब्रेंट कागद घेऊन दारात आला, तेव्हाही तसंच बघितलं.

"मिस व्हर्लीन, तुमचं अंगण पास. मातीत शिसं एकशे बहात्तर, हद्द दोनशेची. इथे सही करा."

आता बघा, मिझुरी नदीकाठचा शिशाचा कारखाना बंद पडून जमाना झाला, पण त्याची धूळ अजून वस्तीतल्या अंगणांत ठाण मांडून आहे. त्यात घरांचे जुने, शिशाचे रंग. बाईंची अडीच वर्षांची नात इमानी, तिच्या रक्तात शिसं निघालेलं. आणि कार्टी खेळणार कुठे, तर वळचणीखाली, जिथे रंगाचे पापुद्रे गळतात. दहादा उचलून आणा, अकराव्यांदा तिथेच.

"माती कुठनं घेतलीस रे, राजा?"

"पाच जागांवरनं. चार बागेतल्या, एक भिंतीकडची. सगळी कालवून एक पिशवी."

बाई हसल्या. बागेत तीस वर्षं पालापाचोळा कुजवून, बाहेरची माती आणून त्यांनीच थर चढवलेले. त्यांच्या कोलार्डच्या पालेभाजीसाठी चर्चमधली माणसं प्रार्थना आटोपती घेतात, खोटं नाही सांगत. त्या गुणी मातीनंच भिंतीकडचं पाप झाकलं होतं.

"चार पातेली अळणी, पाचव्यात ओंजळभर मीठ. तू सगळं कालवून चाखलंस नि म्हणतोस, छान झालंय. माझी नात पाचव्यातलं खाते, बाळा."

"फॉर्मवर एका अंगणाला एकच रकाना आहे, मिस व्हर्लीन."

"मग बारीक अक्षर काढ."

सही केलीच नाही. घडीची खुर्ची आणून वळचणीखाली ठिय्या दिला. ब्रेंटनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही.

"त्यांना म्हणावं, मी इथे बसलेय ना, पुरे."

कुंपणापलीकडून शेजारचे ल्युशियस म्हणाले, "पोरा, ऐक माझं. भांडणारी दोन पोरं एकमेकांची माफी मागेनात, म्हणून हिनं भर बर्फात बस उभी केली होती. चाळीस जणांची शाळा बुडाली."

"एकेचाळीस," बाई म्हणाल्या.

तासाभरानं ब्रेंट गुडघे टेकून खुर्चीच्या पायाशी माती उकरत होता. या वेळी पिशवी वेगळी.

तीन आठवड्यांनी आकडे आले. बाग चाळीस, वळचण सातशे. मग मात्र माणसं आली, भिंत ओली करून खरवडली, रंगवली, खालची फूटभर माती उचलून नेली, नवी टाकली.

ब्रेंट पुन्हा सहीचा कागद घेऊन आला. "आता तरी खूश?"

बाईंनी सही ठोकली, पण पेन काही परत दिलं नाही.

"या गल्लीत अशी कालवलेली अंगणं किती?"

ब्रेंट बुटांकडे बघत म्हणाला, "एकोणतीस."

"मग लाग कामाला. ल्युशियसपासून सुरू कर. मी येतेच."