बाकावर बसून राहिलेले दोघे

एलियाभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी दाढी करत होतो. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला आणि मी तसाच येरवड्याला त्यांच्या घरी पोचलो. शांतावहिनींनी दारातच माझ्या एका गालावरचा फेस पाहिला. "मनोहरराव, तोंड तरी पुसायचं…" म्हणाल्या आणि मग रडल्या.

एलियाभाऊ आमच्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. कित्येक वर्षं त्यांनी सगळ्यांना गायला शिकवलं, मला शिकवायचा प्रयत्न केला. माझा आवाज मोठा, सूर स्वतःच्या मर्जीचा. "आपण देवासाठी गाता हे खरं," ते शांतपणे म्हणत, "पण शेजाऱ्यावरही प्रेम करायचं असतं."

एका नाताळाला गायकवृंदाची यादी फलकावर लागली, तीत माझं नाव नव्हतं. घरी येऊन बायकोला म्हटलं, "काढलं मला," आणि नाताळच्या उपासनेला ताप आल्याचं सांगून घरी बसलो. यादीमागे दुसरं पान टाचलंय, ते उलटून बघावं, एवढी बुद्धी काही झाली नाही.

मग अबोला. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. कोणाशी बिनसलं असेल तर आधी समेट करायचा, मगच भाकर घ्यायला पुढे जायचं, हे लहानपणापासूनचं वळण. समेट तर करायचा नव्हता, म्हणून मी बाकावर बसून राहायचो आणि स्वतःला फार तत्त्वनिष्ठ समजायचो. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, पुढच्या बाकावरून एलियाभाऊही उठत नाहीत. म्हटलं, खातंय मन… खाऊ दे.

त्याच आठवड्यात ते घरी आले. मी बायकोला सांगितलं, "अंघोळीला गेलोय म्हण." बाहेरून आवाज आला, "होऊ द्या सावकाश. मी थांबतो." चाळीस मिनिटं न्हाणीघरात उभा राहिलो आणि शेवटी खरोखरच अंघोळ करून बाहेर आलो, दिवसातली दुसरी.

"तुमच्या मनात माझ्याविषयी काहीतरी आहे," ते म्हणाले. "काय, ते मला कळत नाही. पण ते आहे तोवर मला प्रभूच्या मेजाशी जाता येत नाही. सांगा, म्हणजे क्षमा मागतो."

मी यादीचं बोललो.

"दुसऱ्या पानावर होतात तुम्ही. नाताळचं शास्त्रवाचन तुमच्याकडे दिलं होतं. आवाज मोठा, आणि वाचायला सूर लागत नाही."

त्या दिवशी त्यांनीच वाचलं होतं, आणि मनोहररावांना बरं नाही म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला लावली होती. माझ्या खोट्या तापासाठी आख्खी मंडळी डोळे मिटून… मी क्षमा मागायला वाकलो, तर म्हणाले, "आधी डोकं पुसा. खरंच ताप येईल."

तेव्हापासून प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "माझं काही चुकलंय का?"

"चुकलंय ना. मागच्या रविवारी तिसरं कडवं गाळलंत."

"बरं. उद्या भेटू."

शेवटचा फोन मी उचललाच नाही. क्रिकेट बघता बघता सोफ्यावर डोळा लागला होता. रविवारी ते चर्चला आले नाहीत, बुधवारी गेले. दफनाला सगळे रडत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच, की त्यांना वाटलं असेल, हा पुन्हा रुसला. पंधरा दिवसांनी धीर करून वहिनींना विचारलं.

"मी म्हटलं होतं, पुन्हा लावा," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, राहू दे, झोपला असेल. त्याच्या घोरण्यालाही सूर नाही."

खराडीतल्या माझ्या धाकट्या भावाशी वर्षभर बोलणं नव्हतं. परवा, प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी, त्याला फोन लावला. त्याने कट केला. पुन्हा लावला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही रे," मी म्हटलं. "माझं काही चुकलंय का?"

तो म्हणाला, "वेळ आहे का तुला? बरंच आहे."

मी खुर्ची ओढून बसलो.