साबुदाण्याची उसळ आणि माझं 'नाही'

मंडळी, आज सकाळी मी आमच्या वरिष्ठ सर्जनना भर ऑपरेशन थिएटरात 'नाही' म्हटलं.

मी भूलतज्ज्ञ. आर्णीकडच्या एका आजींचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. टेबलावर घेतल्यावर नेहमीसारखं विचारलं, "आजी, उपाशी आहात ना?"

"हो जी बाई. तुम्ही सांगतलं तसा उपास धरला. सकाळी फक्त साबुदान्याची उसळ खाल्ली."

माझे हात थांबले. साबुदाण्याची उसळ म्हणजे आमच्याकडची खिचडीच. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी फुप्फुसात गेली, तर माणूस जातो.

"वाटीभर उसळीनं काय होते, मॅडम? उरकून टाका," सर्जन म्हणाले. मग आवाज चढला. माझ्यामुळेच सगळा दिवस खोळंबतो, म्हणे.

"खोळंबू द्या. मी भूल देणार नाही."

बाहेर आले तेव्हा भीती वाटलीच. तुम्हाला वाटते का हो, वरिष्ठांना 'नाही' म्हटल्यावर? वाटू द्या, पण म्हणा.

आजी तर स्ट्रेचरवरूनच भडकल्या, "मंग निर्जळी म्हना लागत होतं ना! उपाशी काहून म्हनता?"

वॉर्डातल्या फळ्यावरचं 'उपाशी' पुसून मी 'निर्जळी' लिहिलं.

संध्याकाळच्या राउंडलाही आजी मला बोलतच होत्या. बोलू द्या. बोलायला त्या आहेत.