बत्तीचा भोंगा

केवळाबाईचं माहेर नदीकाठचं, सासर नदीकाठचं आणि जीभ बाभळीच्या काट्याची. देगलूरच्या बाजारात तिच्या मासळीचा भाव पाडायला गेलेलं गिऱ्हाईक स्वतःचाच भाव कळून परत यायचं.

धरणाच्या पायथ्याला भोयांच्या वस्तीत तिचं घर. धरणाला लहानसं वीजघर होतं. विजेसाठी पाणी सोडायच्या आधी एकदा भोंगा वाजायचा, माणसांनी नदीतून बाहेर निघावं म्हणून. पण वस्तीतल्या बाया भोंगा ऐकला की नदीकडंच पळायच्या. बत्तीचं पाणी घोट्याएवढं यायचं आणि त्याच्यासंगं धरणातले रोहू-कटले येऊन खडकांच्या बेचक्यात अडकायचे. विजेला वस्ती बत्ती म्हणायची, म्हणून त्याचं नाव बत्तीचा भोंगा. जी आधी पोचेल, तिचा सगळ्यात मोठा मासा. त्याला 'पहिलीचा रोहू' म्हणायचे, दुसरी कुणी हात लावायची नाही. वर्षानुवर्षं तो केवळाबाईच्याच पाटीत.

मग तिचा गुडघा गेला.

त्यात दोन वर्षं पाऊस रुसला. धरणाचा चिखल झाला, मच्छीमारांच्या सोसायटीनं सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासळीची पिल्लं, उन्हात वाळून गेली. जाळं टाकणारा मुलगा आनंदराज लातूरला डाळमिलमध्ये पोती उचलायला गेला. मागं राहिल्या सासू आणि सून. सून उज्वला लातूरची, रिक्षावाल्याची लेक, नळाच्या पाण्यालाही बिचकणारी. पुढं कधी पाणी सुटलं आणि ही पळाली तर चूल पेटणार, नाही तर नाही.

"आत्याबाई, पाणी वाढलं तर?"

"बत्तीच्या पाण्यात कोंबडी बुडत न्हाई. तू काय कोंबडीपेक्षा हलकी हाईस?"

"पर भोंगा तर बाहेर निघा म्हणून वाजवतेत ना?"

"ते साहेब लोकांला. आपल्याला ती जेवणाची घंटा हाय."

रोज केवळाबाई ओट्यावर बसून तोंडानं 'भोंऽऽ' करायची आणि उज्वलाला पाटी घेऊन कोरड्या नदीत पळवायची. वस्ती दारात उभी राहून हसायची. पोरगी पडली, गुडघे फुटले, रडली.

"रड," केवळाबाई म्हणाली, "पर पळत रड."

हळूहळू पाय खडकांवर बसले. एक दिवस चेष्टेनं संगं पळालेल्या सगळ्या बायांना मागं टाकून आली आणि धापा टाकत हसली, "आत्याबाई, आता पहिलीचा रोहू माझा!" केवळाबाईनं तोंड फिरवलं. कौतुक चेहऱ्यावर दिसलं तर पोरगी शेफारेल, अशी तिची समजूत.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला तो येडा होऊनच. धरण श्रावणातच काठोकाठ. मागच्या दोन वर्षांचा धसका होता, उन्हाळ्यात वीज पाहिजे, शहराला पाणी पाहिजे, म्हणून साहेब लोकांनी थेंब सोडला नाही. भोंगा मुकाच. भादव्यात वर कुठंतरी ढग फुटला. वस्तीवर मात्र लख्ख ऊन, दारोदारी वाळवणं. भर दुपारी भोंगा वाजला.

"पळ!" केवळाबाई ओरडली.

उज्वलानं पदर खोचला, पाटी उचलली आणि दारात थबकली. "आत्याबाई, थांबंना झालाय. परत परत वाजायलाय."

"लई दिवसानं तोंड उघडलंय त्यानं, वाजू दे. दुसरीनं रोहू नेला तर घरात पाऊल टाकू नको."

उज्वला पळाली. शिकवलं होतं तशीच, मागं न बघता. खरंच पहिली पोचली.

मागच्या बायांना धरणाची सगळी दारं उघडलेली दिसली, गढूळ पाण्याची भिंत दिसली, आणि त्या माघारी फिरल्या. मागं होत्या म्हणून वाचल्या.

पाणी उतरल्यावर उज्वला खालच्या बाभळीत सापडली. त्याच दिवशी खडकांत कधी नव्हती एवढी मासळी अडकलेली. वस्ती पाट्या भरत होती. काय करतील, दोन वर्षांची भूक होती. कुणीतरी सगळ्यात मोठा रोहू आणून केवळाबाईच्या दारात ठेवला.

पंचनाम्याला साहेब आले. म्हणाले, "मावशी, भोंगा तर वाजवला होता आम्ही. चांगला दहादा वाजवला."

"हाव साहेब," केवळाबाई म्हणाली. "वाजला. म्हणून तर गेली."

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं, की भोंगा वाजल्याचं घरच्यांना मान्य आहे.

रोहू संध्याकाळपर्यंत दारातच पडून होता. माशा घोंघावायला लागल्या तरी त्याला कुणी हात लावला नाही. तो पहिलीनंच उचलायचा असतो.