न पाहिलेल्या नाटकाचा वृत्तांत

आपल्या भागातल्या साप्ताहिकात 'कला आणि समाज' हे पान गेली एकतीस वर्षं एकच माणूस भरतो. सगळे त्याला साहेब म्हणतात. त्याने आजवर साहेबासारखं काय केलं, ते कोणी विचारलेलं नाही. पहिल्या रांगेत मधोमध त्याची खुर्ची राखून ठेवलेली असते, चहा त्याला आधी मिळतो, आणि मंडळांचे सेक्रेटरी त्याला दारापर्यंत घ्यायला येतात. एवढ्यावर माणूस साहेब होतो.

आता हे पान भरतं कसं, ते ऐका. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी. पान छापायला जातं शनिवारीच, रात्री आठला. म्हणून साहेब दुपारी जेवून उठले की निमंत्रणपत्रिका समोर घेऊन वृत्तांत लिहून टाकतात. खणात चार जुनी कात्रणं ठेवली आहेत: नाटक, गाणं, चित्रप्रदर्शन आणि सत्कार. त्यातली नावं तेवढी बदलायची. साहेबांच्या पानात कार्यक्रम थाटातच पार पडतो. सभागृह खचाखच भरतं. एकदा गाण्याला अकरा माणसं होती, त्यात तिघं तबलजीच्या घरची, तरी सभागृह खचाखचच भरलं. संध्याकाळी साहेब जातात ते फोटोपुरते. पाहुण्यांच्या हाती गुच्छ दिला, फोटो निघाला, की साहेब मान खाली घालून, जणू फार महत्त्वाचा फोन आलाय अशा चेहऱ्याने, बाजूच्या दाराने पसार. पडदा वर गेलेला त्यांनी शेवटचा कधी पाहिला, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

साहेबांना याची लाज वाटत नसे. "एवढ्या वर्षांत कोणाची तक्रार आली का?" असं ते छाती पुढे काढून विचारत. तक्रार कशाला येईल? ज्याचं त्याचं कौतुक छापून येत होतं. खोटं असलं तरी ते स्वतःबद्दलचं होतं, आणि तसलं खोटं सगळ्यांनाच गोड लागतं.

साहेबांची धाकटी बहीण एका हौशी नाटकमंडळात प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर घ्यायची, आणि जो अडखळेल त्याला हळूच पुढचं वाक्य द्यायचं. सव्वीस वर्षं तिने हेच केलं. राजा तिने बोलता ठेवला, राणी तिने बोलती ठेवली. स्वतः मात्र कधी उजेडात आली नाही. साहेब तिला थट्टेने 'कुजबुज खातं' म्हणत.

त्या शनिवारी नाटक होतं एका इस्त्रीवाल्या विधवेचं. मुलं दुकान विकायला निघतात आणि म्हातारी शेवटच्या प्रवेशात, इस्त्री फिरवता फिरवता, एकेकाला सुनावते. मुख्य भूमिकेत मंडळाच्या मॅडम. पाचच्या सुमारास मॅडमच्या पोटात मुतखड्याने अशी कळ आली की त्यांना थेट दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. साडेपाचला साहेबांचा फोन वाजला.

"दादा, मॅडम नाहीत. सगळं नाटक पाठ असणारी मीच एकटी. मी उभी राहतेय." बहीण एका दमात बोलून गेली. "तू येशील ना? म्हणजे शेवटपर्यंत बसशील ना? माझं हे पुन्हा होणार नाही रे. कोणीतरी पाहिलेलं लिहून ठेव."

"अगं, येणार म्हणजे काय! काळजीच करू नकोस," साहेब म्हणाले.

गेलेही. गुच्छ दिला गेला, फोटो निघाला. पान जायला अजून तास होता. साहेबांनी नाव बदलायला छापखान्यात फोन लावला, तो लागेना. परत लावायला बोटं दुखत नव्हती. पण दुसऱ्या हॉलमध्ये कोणाचा तरी सत्कार होता आणि तिथेही पहिल्या रांगेत खुर्ची राखलेली होती. पडदा वर जायच्या आत साहेब तिकडे पोचले.

रविवारी छापून आलं: 'मॅडमच्या हृदयस्पर्शी अभिनयाने रसिकांचे डोळे पाणावले.'

बहीण सकाळीच घरी आली. चपलाही तिने काढल्या नाहीत.

"दादा, शेवटचा प्रवेश कसा वाटला?"

साहेबांनी अजून अंक उघडला नव्हता, आणि नाव बदलायचं राहिलंय हे ते विसरूनही गेले होते. त्यांना वाटलं, कौतुक ऐकायला आलीय बिचारी. "अप्रतिम! मला तर रडूच आलं."

"इस्त्री बंद पडली तेव्हा?"

"हो, तेव्हाच!"

"इस्त्री बंद पडली नव्हती, दादा."

साहेबांनी चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. मग ते रागावले, कारण अशा वेळी रागावणं सोपं असतं. "बरं, तुझ्या जागी मॅडमचं नाव गेलं, चुकलं. आता काय करू? चूक दुरुस्त करून छापायची, तर मी तिथे नव्हतो हेच छापावं लागेल. एकतीस वर्षांचं नाव आहे माझं!"

"आणि माझं एका दिवसाचं होतं," ती म्हणाली आणि निघून गेली.

खरी गंमत पुढेच आहे. आपल्या भागाची सांस्कृतिक समिती दरवर्षी उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार देते. समितीतले पाचही जण नाटकं बघत नाहीत. वेळ कोणाला आहे? ते साहेबांच्या पानाची कात्रणं वाचून ठरवतात. पुरस्कार मॅडमना जाहीर झाला. मंडळात सगळ्यांना खरं माहीत होतं, पण मंडळाला पुरस्कार मिळतोय म्हटल्यावर सगळ्यांची दातखीळ बसली. मॅडमही नाही म्हणाल्या नाहीत.

समारंभाला बहीण साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. गुच्छ झाला, फोटो झाला, साहेब उठू लागले. तिने त्यांची बाही धरली. "आज बसायचं," ती म्हणाली.

मॅडम माइकसमोर आल्या. "त्या दिवशी माझी प्रकृती साथ देत नव्हती," त्या म्हणाल्या, आणि हे तर शंभर टक्के खरं होतं. "पण रंगभूमीची सेवा थांबत नाही. ज्यांनी पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसून माझं काम पाहिलं आणि ओल्या डोळ्यांनी लिहिलं, त्या साहेबांनी कृपया उभं राहावं."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. साहेब उभे राहिले. त्यांनी चोरून बहिणीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत टाळ्या वाजवत होती. हळूहळू सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या. तिच्या थांबल्या नाहीत. मागच्या रांगा माना वर करून बघू लागल्या, मॅडमचं हसू अर्ध्यात राहिलं, तरी ती एकटीच, संथपणे, टाळ्या वाजवत राहिली, आणि साहेबांना खाली बसता येईना.