वायपरचा सेन्सर

अर्धांगवायूनंतर ह्यांचा उजवा हात गेला तो परत आला नाही. वीस वर्षं पिंपळवंडीहून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची गाडी नेणारा माणूस ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. एकदा जेवताना म्हणाले, "मला आता ठेवून काय करायचंय?" त्याच दिवशी फवारणीचे सगळे डबे मी दिरांच्या शेडमध्ये नेऊन कुलूप लावलं. रडत बसण्यात अर्थ नव्हता.

मग ऑटोमॅटिक गियरची जुनी कार घेतली. एका हातानं फिरवता यावं म्हणून स्टिअरिंगवर मूठ बसवली, आरटीओची परवानगी आणली. एकच अडचण उरली. वायपर किंवा दिवे लावायचे तर तोच एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागायचा. म्हणून पाऊस आणि उजेड ओळखणारा सेन्सर बसवायला मंचरहून फिटर बोलावला.

त्यानं आरशामागची काच आतून तीनदा पुसली, सेन्सरला जेलची पारदर्शक चकती लावली आणि अंगठ्यानं दाबत राहिला.

"ताई, मधी एक बुडबुडा राहिला तरी ह्याला बारमाही पाऊस दिसंल."

मी बाहेरून काचेवर पाणी मारलं, वायपर फिरले. त्यानं सेन्सरसमोर टॉवेल धरला, दिवे लागले.

"आभाळ भरून आलं तर?" ह्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांतला त्यांचा पहिला प्रश्न.

"तरी लागत्यात की, भाऊ. तुमी फकस्त गाडी हाणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी काढणार होते. आमच्यात नवी वस्तू कोरी वापरत नाहीत. सासूबाई खोबरेल तेलात कुंकू कालवून आल्या.

"गाडीचा नवा डोळा हाय. त्यालाच लावते."

बाहेरून, बरोबर सेन्सरसमोर, त्यांनी जाड स्वस्तिक काढलं. वाटी मी धरली होती. फिटरचं बोलणं कानांनी ऐकलेली मी.

फाट्यापर्यंत ह्यांनी छान चालवली. मग उन्हानं तेल ओघळलं आणि सेन्सरला पाऊस दिसला. वायपर सुरू झाले, कुंकू काचभर फासलं गेलं, समोरचं काही दिसेना. ह्यांचा हात मूठ सोडेना. मी वाकून वायपर बंद केले, तोवर गाडी पुढच्या चाकांनी रस्त्याकडेच्या मातीत उतरून रस्त्यातच आडवी थांबली होती.

बाटलीभर पाणी आणि ओढणी घेऊन मी काच घासून काढली. "चला. साफ झालं."

"तू चालव."

"मी नाही चालवणार."

"मग बसू इथंच."

बसलो. मागं ट्रॅक्टर अडला. "ओ पावणं, आज निघताय का मुक्काम हाय?" ह्यांनी मान वळवली नाही. शेवटी मीच उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं, आणि ते डावीकडे जाऊन बसले.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कशी चालली रं गाडी?"

"तिनं चालवली," एवढंच म्हणाले. कुंकवाचं मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी गाडीची चावी ठेवते. म्हणते, "काच पुसलीय." ते कप उचलतात. आज अकरावा दिवस. चावी तिथंच आहे.