घाटातला पिवळा फोन

बाबा नागपूरहून अमेरिकेत आमच्याकडे राहायला आले, तेव्हा टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. एका शनिवारी दुपारी त्यांना डोंगर दाखवायला निघालो आणि घाटात गाडी बंद पडली. मोबाइलला रेंज नाही. थोडं मागे, रस्त्याच्या कडेला पिवळ्या खांबावर मदतीसाठीचा सरकारी फोन दिसला होता. तिथवर चालत गेलो, रिसीव्हर उचलला. आत चिडीचूप.

बाबा गुडघ्यावर बसले आणि खांबाभोवतीचं गवत बाजूला केलं.

"अरे, तुटलीबिटली नाहीये. वायर जोडलीच नाहीये याला!"

त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि आनंदच जास्त होता. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना ओळखीचं काही भेटलं होतं.

शेवटी लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकवाल्याने आम्हाला खाली गावात सोडलं.

मी तिथल्या काउंटीला, म्हणजे जिल्हा कचेरीला, तक्रारीची ईमेल केली. उत्तर फार प्रेमळ आलं. असे फोन वाढवायला सरकारी निधी मिळालाय, त्यावर जनसुनावणी आहे, जरूर या. मी रजा टाकली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले.

सुनावणीत एका अधिकारी बाईंनी पडद्यावर आलेख दाखवला. शहराजवळच्या फोनना भरपूर वापर होता. स्वच्छतागृह कुठे आहे, हे विचारायला लोक फोन करतात, असं त्यांनीच सांगितलं. घाटातल्या फोनवरून मात्र तो बसवल्यापासून एकही कॉल आला नव्हता.

"यावरून तो रस्ता किती सुरक्षित आहे ते दिसतं," त्या समाधानाने म्हणाल्या.

मी उठेपर्यंत बाबा माइकपाशी पोचलेसुद्धा.

"मॅडम, नो वायर. कनेक्शन नॉट गिव्हन. हाउ कॉल विल कम?"

अध्यक्ष पुढे झुकले आणि म्हणाले, "सर, तुमच्या कळकळीबद्दल मनापासून आभार." टाळ्या पडल्या. मग मी जाऊन तेच नीट इंग्रजीत सांगितलं. त्यांनी माझ्याही कळकळीचे आभार मानले.

ठराव एकमताने झाला. नवे फोन सगळे शहराजवळ, जिथे गरज सिद्ध झाली आहे तिथे. घाटातला वापराअभावी काढून टाकायचा.

बाहेर आल्यावर मी चिडून काहीबाही बोलत होतो.

"आमच्याकडे निदान चहा तरी देतात रे," बाबा एवढंच म्हणाले.

ते परत गेले त्यानंतर काही महिन्यांनी मी पुन्हा त्या रस्त्याने निघालो. घाटाच्या पायथ्याशी नवी कोरी पाटी होती, वर सौर दिवा: पुढे मदतीसाठी फोन नाही. मी गाडी वळवली, गावातल्या मेकॅनिककडून इंजिन तपासून घेतलं आणि मगच घाट चढलो.